धातू

तांबट आळीत आता ठोके देणारी चारच दुकानं.
मी ठोकत नाही, कोरतो.
घागरीवर नाव, पाटीवर नाव, कुणाच्या स्मरणार्थ कोण.
अक्षराला अडीच रुपये, जोडाक्षराला तीन.

महापालिकेतून कोरा ताम्रपट आला, नऊ बाय बारा,
सोबत टाइप केलेला मजकूर, मधे एक जागा मोकळी:
श्रीमती ठकूबाई निरभवणे यांनी दाखवलेल्या
अमुकतमुक बद्दल.
शिपाई म्हणाला, साहेबांचं ठरत नाहीये,
तुम्हीच घाला काहीतरी, तीन अक्षरांत बसेल असं.

ठकूबाई रामकुंडावर रिकामे कॅन विकते,
गंगा घरी नेणाऱ्यांना. दोन लिटरचा, पाच लिटरचा.
त्या दिवशी धरणातून पाणी सोडलेलं,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलेलं,
आणि बारमेरकडचं एक पोरगं पायरीवरून गेलं.
हिनं कॅनची माळ कमरेला आवळली
आणि उतरली.

वरच्या मजल्यावर भागवत मास्तर राहतात,
त्यांच्याकडे तीन कोश आहेत आणि एक भिंग.
शूर, म्हणाले, मुळात फुगणं.
फुगली तर नदी होती, मी म्हणालो.
साहस? जुन्या स्मृतींत तो गुन्हा आहे बाबा,
दरोडा, बळजबरी. दंडसुद्धा सांगितलाय.
बहाद्दर घोड्यावरून आला, फार लांबून,
आणि इथं येऊन नावांच्या शेपटाला बांधला गेला.
हिंमत अरबी. तिच्याच घरात
चिंतेचाही एक शब्द राहतो.
जिगर फारसी, म्हणजे आपलं काळीज.
मास्तरांनी कोश मिटला, चहा गाळायला उठले.
पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मला जिन्यात ऐकू आलं,
सातव्या की आठव्या पायरीवर:
काळीज. काळजी.

मास्तरांकडे धातू म्हणजे शब्दाचं मूळ,
माझ्याकडे धातू म्हणजे जो हातोडीला उत्तर देतो.
दोघांचंही एक खरं, दाबल्याशिवाय कळत नाही.

सकाळी कुंडावर गेलो. ती झाकणं मोजत होती.
भीती नाही वाटली?
"वाटली ना. लई वाटली.
त्याची आई वर उभी व्हती, आवाजच निघंना तिचा,
नुसतं तोंड उघडं.
मला त्या तोंडाचं भ्याव वाटलं. पान्याचं काय,
पानी रोजचंय."
मग झाकणांकडे बघतच म्हणाली,
"सात कॅन गेले माझे. ते लिवलंय का त्यात?"

मी दुकानात आलो, पाटा लाखेवर बसवला
आणि मोकळ्या जागेत कोरलं: काळजी.
तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, साडेसात रुपये.

दुपारी शिपाई परत. साहेब म्हणाले, चूक झालीय,
काळजी काय, ती तर सगळेच करतात.
शौर्य घाला.
तांब्याला खोडरबर नसतं. नवा पाटा आला,
त्यावर शौर्य कोरलं, नीट, खोल, वेलांटीबिलांटी नसलेलं,
र्य ला रफार देताना हात किंचित घसरला
तो कुणाला दिसला नाही.
कालिदासमध्ये कार्यक्रम झाला, नारळ, शाल,
फोटोत ठकूबाई डोळे मिटलेली.

चुकलेला पाटा माझ्याकडे महिनाभर पडून होता.
मोडीत घालवेना. शेवटी तिलाच नेऊन दिला,
तिनं बदल्यात दोन लिटरचा कॅन दिला, नको म्हणालो तरी.

परवा तिच्या खोलीवर गेलो, पुलापलीकडे.
साहेबांचा ताम्रपट खिळ्याला, त्यावर मुलाचं दप्तर.
माझा पाटा माठावर झाकण म्हणून,
अक्षरं खालच्या अंगाला.
अशी उलटी का?
"वर केली का खाचांत धूळ बसती.
पोरं पितात ते पानी."

तिनं मला प्यायला द्यायला झाकण उचललं.
खालून थेंब लटकले होते,
ळ च्या दोन्ही पोटांत एकेक.